मुकुंदपुरा सीएम१ की सीएम२? कार्बनी कॉन्ड्राइटच्या वर्गीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

६ जून २०१७ च्या पहाटे जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावात, एका शेतात, आकाशातून काळा दगड येऊन पडला. वजन दोनेक किलो. आदळताच त्याचे तुकडे झाले. अशनींच्या अधिकृत नोंदीत त्याच्या नावापुढे ‘सीएम२’ लागलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन वेगवेगळ्या चमूंनी लिहिलं की हा तर सीएम१ सारखा आहे. दगड एकच असताना असं कसं होतं, हे भूशास्त्राचे विद्यार्थी आणि हौशी खगोलप्रेमी वरचेवर विचारतात. त्या प्रश्नाला धरून येणारे बाकीचे प्रश्नही इथे एकत्र घेतले आहेत.

कार्बनी कॉन्ड्राइट म्हणजे ज्यात कार्बन ठासून भरलाय तो अशनी का?

नाही. कॉन्ड्राइट म्हणजे कॉन्ड्रूल नावाच्या बारीक गोल थेंबांचा दगडी अशनी, आणि त्यांच्या कार्बनी कुटुंबात सीआय, सीएम असे गट आहेत. सीआय गटात तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, सीएममध्ये दोनेक टक्के. पण मेक्सिकोत १९६९ साली पडलेला आयेंदे घ्या. जगातला बहुधा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला कार्बनी कॉन्ड्राइट, आणि त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहूनही कमी. उलट युरेलाइट जातीच्या अशनींत तीन टक्क्यांपर्यंत कार्बन सापडतो, तरी त्यांना या कुटुंबात कोणी घेत नाही.

खरी कसोटी वेगळी आहे. कॅल्शियम, ॲल्युमिनियम, टायटॅनियम अशी मूलद्रव्यं वायू थंड होताना सर्वांत आधी घन होतात. सिलिकॉनच्या तुलनेत त्यांचं प्रमाण सूर्याइतकं किंवा त्याहून जास्त असेल, आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंची) नोंद ठरावीक पट्ट्यात बसत असेल, तर तो कार्बनी. कार्बन मोजून कोणी वर्गीकरण करत नाही.

‘सीएम’ काय सांगतं आणि ‘२’ काय सांगतो?

ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि सगळा घोळ ती एकत्र वाचल्याने होतो.

अक्षरं गट सांगतात, म्हणजे मूळ माल कुठला. पहिलं ‘सी’ कार्बनीपणाचं, दुसरं अक्षर बहुतेकदा त्या गटाच्या नमुनेदार अशनीचं. युक्रेनमधल्या मिघेईवरून (१८८९) सीएम, टांझानियातल्या इवुनावरून (१९३८) सीआय, इटलीतल्या विगारानोवरून (१९१०) सीव्ही आणि रेनात्सोवरून (१८२४) सीआर, फ्रान्समधल्या ओर्नांवरून (१८६८) सीओ, ऑस्ट्रेलियातल्या कारूंडावरून (१९३०) सीके. एका गटातले अशनी एकाच लघुग्रहाचे, किंवा निदान एकाच प्रदेशात घडलेल्या भावंड-लघुग्रहांचे तुकडे मानले जातात.

आकडा सांगतो तो माल जमून लघुग्रह झाल्यावर त्याच्यावर काय गुदरलं ते. व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ मध्ये ही आकड्यांची पद्धत मांडली आणि थोड्याफार डागडुजीने ती आजही चालते.

मग १ म्हणजे सर्वांत मूळ आणि ६ म्हणजे सर्वांत बदललेला, असंच ना?

तसं वाटतं खरं, पण नाही. सर्वांत कमी बदललेला असतो ३.०. तिथून खाली, २ आणि १ कडे, पाण्याचं काम वाढत जातं. वर, ४-५-६ कडे, उष्णतेचं. म्हणजे सुरुवात मधे आहे आणि रस्ते दोन दिशांना जातात. १ आणि ६ या दोन्ही टोकांना मूळ पोत पुसला जातो, पण कारणं अगदी वेगळी. ही मांडणी शिकवायला त्रासदायक आहे, आणि पद्धत नव्याने करायची ठरली तर पहिल्यांदा हीच बदलावी असं माझं मत आहे. पण पन्नासहून अधिक वर्षांचं लिखाण या आकड्यांत झालंय, त्यामुळे आता त्यांच्याशी जुळवून घेणं आलं.

अशनीचा छेद समोर आला की सर्वांत आधी काय बघायचं?

खनिजांची नावं शोधायला धावू नका. आधी पोत बघा. भिंगातून किंवा कमी वर्धनाच्या सूक्ष्मदर्शकातून चार गोष्टी टिपायच्या: कॉन्ड्रूल किती मोठे, ते किती दाटीने बसलेत, मधलं आधारद्रव्य किती, आणि धातू दिसतोय का.

कॉन्ड्रूल म्हणजे सूर्याभोवतीच्या तबकडीत तरंगत असताना वितळून पटकन गोठलेले सिलिकेटचे थेंब. त्यांत बहुतेक ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन ही खनिजं. काहींत ऑलिव्हीनचे सुटे स्फटिक काचेत रुतलेले असतात, काहींत समांतर पट्ट्या, काहींत एका कडेपासून पसरलेल्या पायरॉक्सीनच्या शलाका. आधारद्रव्य म्हणजे या थेंबांच्या मधला अतिसूक्ष्म कणांचा काळा गाळ.

आकार डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. कॉन्ड्रूल छेदात मधोमध कापला गेला असेलच असं नाही, त्यामुळे दिसणारा व्यास खऱ्यापेक्षा लहान असू शकतो. पुरेशा संख्येने मोजून सरासरी काढायची.

पोतावरून गट कसा ठरतो?

सीव्हीपासून सुरुवात करू, कारण तो नवख्यालाही ओळखता येतो. कॉन्ड्रूल साधारण एक मिलिमीटरचे, खसखशीच्या दाण्याएवढे, आणि त्यांच्या मधे पांढरट, वेड्यावाकड्या कडांचे ठिपके. हे ठिपके म्हणजे कॅल्शियम-ॲल्युमिनियमने समृद्ध समावेश. काही सेंटिमीटरभर मोठे असतात. आधारद्रव्य चाळीस टक्क्यांच्या आसपास. आयेंदेचा कापलेला तुकडा एकदा पाहिला की हा चेहरा विसरत नाही.

सीओमध्ये कॉन्ड्रूल फार बारीक, सरासरी ०.१५ मिलिमीटर, आणि दाटीने बसलेले. आधारद्रव्य एक तृतीयांशाच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना हा दगड एकसारखा करडा वाटतो, छेद केल्यावरच गर्दी दिसते.

सीएममध्ये चित्र उलटं. आधारद्रव्य सत्तर टक्क्यांच्या आसपास, त्यात विखुरलेले ०.३ मिलिमीटरचे कॉन्ड्रूल, आणि प्रत्येकाभोवती बारीक धुळीची किनार. ही किनार सीएमची खूण म्हणून फार उपयोगी पडते. ती कॉन्ड्रूल अवकाशात असतानाच चिकटली की लघुग्रहावर आल्यानंतर तयार झाली, यावर मात्र तज्ज्ञ अजून भांडतात.

सीआरमध्ये लोह-निकेलचे चकचकीत कण डोळ्यांत भरतात. कॉन्ड्रूल ०.७ मिलिमीटरचे, अनेकदा थरावर थर असलेले, आणि थरांच्या मधे धातूच्या मण्यांची माळ. सीकेमध्ये धातू जवळजवळ नाहीच, त्याच्या जागी क्रोमियम असलेला मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय ऑक्साइड). कार्बनी कुटुंबात ४ ते ६ आकड्यांचे, म्हणजे नीट भाजून निघालेले अशनी प्रामुख्याने याच गटात भेटतात. सीएच आणि सीबी हे आणखी दोन गट विक्षिप्त: सीबीमध्ये निम्म्याहून जास्त दगड धातूचाच असतो. नायजेरियात १९८४ ला पडलेल्या गुज्बामध्ये धातूचे गोळे चांगले ठळक दिसतात.

आणि सीआयमध्ये कॉन्ड्रूलच दिसत नाहीत.

कॉन्ड्रूलच नाहीत तर सीआयला कॉन्ड्राइट कशाला म्हणायचं?

रासायनिक घडणीमुळे. हायड्रोजन, हेलियमसारखे पळून जाणारे वायू आणि लिथियमसारखे एखाद-दोन अपवाद वगळले, तर सीआयमधलं मूलद्रव्यांचं प्रमाण सूर्याच्या प्रमाणाशी इतकं जुळतं की इतर सगळ्या अशनींची मोजमापं त्याच्याशी ताडून लिहितात. पोत मात्र पाण्याने पार धुऊन नेलेला. उरतं ते सर्पेंटाइन-सॅपोनाइटसारख्या पत्रित (पापुद्र्यांसारख्या थरांच्या, रचनेत पाणी धरणाऱ्या) खनिजांचं काळं, ठिसूळ मिश्रण, त्यात मॅग्नेटाइटचे सूक्ष्म गोळे आणि कार्बोनेटचे कण. त्यांचा आकडा १.

आपल्याकडचं उदाहरण टोंकचं. जयपूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या टोंक भागात १९११ च्या जानेवारीत सीआय अशनी पडला, हाती आला फक्त ७.७ ग्रॅम. पडताना पाहिलेले सीआय कितीतरी वर्षं जगात पाचच मोजले जात, त्यांतला हा एक.

सीआयमधला सर्वांत प्रसिद्ध ओर्गेय, १४ मे १८६४ ला दक्षिण फ्रान्समध्ये पडला. त्याच्या एका तुकड्यात कोणीतरी गवताचं बी आणि कोळशाचा चुरा सरसाने चिकटवून ठेवला होता. निर्जीवातून जीव उपजतो का, यावरचं पाश्चरचं गाजलेलं व्याख्यान जेमतेम महिनाभर आधी झालेलं, त्यामुळे डाव कशासाठी होता याचा अंदाज येतो. गंमत अशी की त्या काळात कोणी तो तुकडा उघडून पाहिलाच नाही. लबाडी बाहेर आली ती शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात.

सीएमचं आधारद्रव्य पातळ छेदातही काळंच दिसतं. मग त्यातली खनिजं ओळखायची कशी?

बरोबर आहे. ३० मायक्रॉनच्या पातळ छेदातून ग्रॅनाइट किंवा बेसाल्ट वाचता येतो, तसं सीएमचं आधारद्रव्य वाचता येत नाही. कण मायक्रॉनहून लहान, शिवाय लोह आणि सेंद्रिय द्रव्य मिसळलेलं. प्रकाश आरपार जातच नाही. कॉन्ड्रूलमधला ऑलिव्हीन दिसतो, बाकी अंधार.

म्हणून तीन साधनं जोडीने वापरतात. पहिलं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं नमुन्यावर आदळून मागे उसळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं चित्र. त्यात जड अणू उजळ दिसतात: धातू आणि सल्फाइड पांढरे, लोहयुक्त सर्पेंटाइन फिकट करडं, मॅग्नेशियमचं ऑलिव्हीन गडद. दुसरं, इलेक्ट्रॉन प्रोब. एकेका ठिपक्याचं रासायनिक विश्लेषण त्याने होतं. तिसरं, क्ष-किरण विवर्तन. थोडी भुकटी केली की सर्पेंटाइनच्या थरांचं सुमारे ७ अँगस्ट्रॉमचं शिखर लगेच वर येतं आणि पत्रित खनिजं एकूण किती आहेत हेही काढता येतं. सीएम अशनींत ती निम्म्याहून जास्त, कधी ८५-९० टक्क्यांच्या घरात असतात.

या चित्रांत सीएमची ओळख पटवणारी एक गोष्ट हमखास भेटते: टोचिलिनाइट आणि क्रॉनस्टेडटाइट यांचे एकमेकांत गुंतलेले पुंजके. टोचिलिनाइट म्हणजे लोहाच्या सल्फाइडचा आणि हायड्रॉक्साइडचा आळीपाळीने थर. क्रॉनस्टेडटाइट म्हणजे लोहाने भरलेलं सर्पेंटाइन. हे इतके बारीक आणि गुंतागुंतीचे की जुन्या लेखांत त्यांना ‘नीट न ओळखलेली द्रव्यं’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं सापडतं. असे पुंजके भरपूर दिसले की गट सीएम, यावर फारसा वाद होत नाही.

२.०, २.१ … २.६ हे दशांश कुठून आले?

सीएम२ म्हटलेले सगळे अशनी सारखे नाहीत हे पूर्वीपासून माहीत होतं. ॲलन रुबिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पाण्याने किती बदल केला याची मोजपट्टी मांडली. २.६ सर्वांत कमी बदललेला, २.० जवळजवळ पूर्ण बदललेला. ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर १९६९ ला पडलेला मर्चिसन या पट्टीवर २.५.

प्रत्यक्षात काय बघतात? समजा छेदात एक कॉन्ड्रूल आहे. २.६ च्या आसपास त्याच्यातली काच तेवढी पत्रित खनिजांत बदललेली असते, ऑलिव्हीन-पायरॉक्सीनचे स्फटिक शाबूत, आणि धातूचे काही कण टिकलेले. २.३ पर्यंत आलं की स्फटिकांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात, भेगांतून सर्पेंटाइन आत शिरतं. २.१ मध्ये ८५ टक्क्यांहून जास्त स्फटिक गेलेले. २.० मध्ये कॉन्ड्रूलचा घेर, त्याची किनार, स्फटिकांच्या कोनांचे आकारसुद्धा जागच्या जागी दिसतात, पण प्रोब लावला तर ऑलिव्हीन कुठेच नाही. आत सगळं सर्पेंटाइन.

दुसरीकडे टोचिलिनाइटचे पुंजकेही बदलत जातात. सुरुवातीला त्यांत लोह आणि गंधक भरपूर. पाणी कॉन्ड्रूलमधलं ऑलिव्हीन विरघळवतं तसं मॅग्नेशियम मोकळं होतं, ते आधारद्रव्यातल्या सर्पेंटाइनमध्ये शिरतं, लोह तिथून हटून मॅग्नेटाइट-सल्फाइडकडे वळतं. म्हणून पुंजक्यांतलं लोह आणि गंधक सिलिकाच्या तुलनेत किती, हा आकडा पट्टीवर खाली जाताना घसरतो. कार्बोनेटसुद्धा पाहतात: कमी बदललेल्यांत साधा कॅल्साइट, जास्त बदललेल्यांत डोलोमाइटसारखे मिश्र कार्बोनेट.

एक खोच लक्षात ठेवा. २.० म्हणजे ‘२ ची सुरुवात’ नव्हे. सीएम२.० आणि सीएम१ ही व्यवहारात एकाच अवस्थेची दोन नावं आहेत.

आता मुद्द्याचं: मुकुंदपुरा १ की २?

अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये त्याची ओळख सीएम म्हणून करून दिली, आणि अधिकृत नोंद सीएम२ अशी आहे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. हिंद महासागराच्या तळगाळातून अवकाशातली धूळ वेचून तिचा अभ्यास करणारा गट तिथे आहे. त्या गटाने २०१९ मध्ये खनिजं, समस्थानिकं आणि अमिनो आम्लं तपासून लेखाच्या शीर्षकातच ‘सीएम२.०’ आणि कंसात ‘सीएम१’ असं लिहिलं. २०२० मध्ये युरोपातल्या एका चमूने अवरक्त वर्णपट, तापवून वजनातली घट आणि रामन वर्णपट अशा वेगळ्याच वाटांनी जाऊन तेच म्हटलं: दगड मुख्यतः पत्रित खनिजांचा, पाण्याने जोरदार बदललेला, उष्णतेची खूण नाही, सीएम१ शी मिळताजुळता.

मग अधिकृत नोंद चुकली? माझ्या मते असं म्हणणं घाईचं होईल. मुकुंदपुरा हा ब्रेशिया आहे, म्हणजे लघुग्रहावरच्या टकरींत फुटून पुन्हा जुळलेल्या निरनिराळ्या खडकतुकड्यांचा. त्यातले काही तुकडे कमी बदललेले, काही जवळजवळ पूर्ण. ज्याच्या हाती जो भाग येतो त्याला तो आकडा दिसतो. एका छेदात दोन-तीन चौरस सेंटिमीटर, आणि क्ष-किरणासाठी काही मिलिग्रॅम भुकटी, एवढ्यावर दोन किलोच्या दगडाचा निकाल लागत असतो.

यात मुकुंदपुरा एकटा नाही. इंग्लंडमध्ये २८ फेब्रुवारी २०२१ ला पडलेला विंचकंब घ्या. त्याच्या छेदांत वेगवेगळे खडकप्रकार मोजले गेले आणि ते २.० पासून २.६ पर्यंत पसरलेले निघाले. अख्खी मोजपट्टी एकाच दगडात. अशा वेळी एकच आकडा सांगण्यापेक्षा ‘सीएम ब्रेशिया, तुकडे अमुक ते तमुक’ असं लिहिणं जास्त खरं असतं. विद्यार्थ्यांनी प्रबंधात तसंच लिहावं आणि कोणत्या तुकड्याचा कोणता छेद पाहिला तेही नोंदवावं. परीक्षकाला हे आवडलं नाही तर तो परीक्षकाचा प्रश्न.

उष्णतेचं काम कसं ओळखतात?

सीओ, सीव्हीमध्ये सुरुवात ऑलिव्हीनपासून. मूळ अशनीत शेजारशेजारच्या कणांतलं लोह-मॅग्नेशियमचं प्रमाण अगदी वेगवेगळं असतं. लघुग्रह आतून तापला की अणू सरकतात आणि सगळे कण एकसारखे होत जातात. पुरते सारखे झाले की ४ आणि पुढे.

त्याहून नाजूक कसोटी क्रोमियमची. लोहयुक्त ऑलिव्हीनमधला क्रोमियम थोड्याशा उष्णतेनेही बाहेर पडतो, म्हणून ३.० ते ३.२ मधला फरक त्याने पकडता येतो. प्रोबचा वेळ मात्र खूप खातो.

सीएमच्या बाबतीत गंमत वेगळी. काही सीएम आधी भिजलेत आणि मग तापलेत, बहुधा टकरींमुळे. त्यांत टोचिलिनाइट मोडलेला, सर्पेंटाइनमधलं पाणी उडालेलं, जास्त तापले असतील तर सर्पेंटाइनचं पुन्हा बारीक ऑलिव्हीन झालेलं. नुसतं क्ष-किरण चित्र पाहून हे ‘कमी बदललेले’ समजले जाण्याचा धोका असतो.

ऑक्सिजन समस्थानिकांशिवाय काम भागत नाही का?

ठसठशीत सीएम किंवा सीव्ही असेल तर खनिजं आणि पोत पुरतात. अडचण येते ती काठावरच्या नमुन्यांत, फार बदललेल्यांत आणि वाळवंटात गंजलेल्यांत. तिथे ऑक्सिजन-१६, १७, १८ ची मोजणी निकाल लावते. रॉबर्ट क्लेटन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये आयेंदेच्या पांढऱ्या समावेशांत ही तफावत दाखवली, तेव्हापासून ती वर्गीकरणाचा आधार झाली. पुढे क्रोमियम आणि टायटॅनियमच्या समस्थानिकांनीही दाखवलं की कार्बनी अशनी बाकीच्यांपासून वेगळ्या घरातले. ते गुरूच्या पलीकडे घडले असावेत असं आज बहुतेकांचं म्हणणं आहे.

त्या पांढऱ्या समावेशांचं एवढं काय कौतुक?

सूर्यमालेतले मोजता आलेले सर्वांत जुने घन कण तेच आहेत: ४५६ कोटी ७३ लाख वर्षं. स्पिनेल, मेलिलाइट, हिबोनाइट, पेरोव्हस्काइट, म्हणजे तापत्या वायूतून आधी घन होणारी खनिजं. त्यांत ॲल्युमिनियम-२६ या सात लाख वर्षं अर्धायुष्य असलेल्या किरणोत्सारी समस्थानिकाच्या खुणा मॅग्नेशियमच्या रूपात शिल्लक आहेत. अहमदाबादला जितेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी यावर महत्त्वाचं काम केलंय. सीएममध्येही हे समावेश असतात, पण बारीक आणि बरेचदा बदललेले.

माझ्या शेतात काळा, जड दगड सापडलाय. तपासून मिळेल का?

महाराष्ट्रात काळा, जड दगड म्हणजे शंभरात शंभर वेळा बेसाल्ट असं धरून चालावं. बेसाल्टची घनता २.८ ते ३ च्या घरात; सीएम अशनीची २.१ ते २.३. म्हणजे मुकुंदपुरासारखा दगड हातात घेतला तर आपल्या बांधावरच्या दगडापेक्षा हलका लागेल. ‘जड म्हणजे अशनी’ हा ठोकताळा लोखंडी अशनींसाठी ठीक, इथे उलटा पडतो.

बेसाल्टमधल्या वायूच्या पोकळ्या आणि त्यांत भरलेले गारगोटीचे, झिओलाइटचे पांढरे गोळे पाहून लोक कॉन्ड्रूल समजतात. कॉन्ड्राइटच्या आत बुडबुड्यांची भोकं नसतात. पोकळी दिसली की विषय संपला. भट्टीतली धातुमळी हा दुसरा नेहमीचा पाहुणा. आणि आकाशातून पडलेलं सगळंच अशनी असतं असंही नाही: २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात जे मोठं धातूचं कडं पडलं, ते रॉकेटचा अवशेष होतं.

खरा ताजा कार्बनी अशनी मऊ, काळा, बाहेरून मिलिमीटरभरही जाड नसलेल्या वितळलेल्या कवचाचा असतो. पावसाळ्यातलं एक वर्ष तो आपल्या मातीत टिकणं अवघड. म्हणून पडताना दिसला आणि लगेच उचलला, तरच आशा.

चुंबक लावून पाहू का?

नका लावू. सीएममध्ये मॅग्नेटाइट असल्याने चुंबक थोडासा ओढला जाईलही, पण त्याने फारसं सिद्ध होत नाही आणि दगडात जपलेली प्राचीन चुंबकीय नोंद एका सेकंदात पुसली जाते. तेवढीच नोंद वाचायला कोणीतरी वर्षभर थांबलेला असतो.

पाण्याचंही तेच. धुऊन स्वच्छ करणं, पाणी सोडून करवतीने कापणं, पाण्यावर घासणं, सगळं वर्ज्य. सीआय तर पाण्यात अक्षरशः विरघळून चिखल होतो. प्रयोगशाळेत कोरडी तारकरवत किंवा अल्कोहोल वापरतात आणि शेवटचं पॉलिश हिऱ्याच्या लेपाने, पाण्याशिवाय करतात.

नाव आणि वर्ग अधिकृतपणे कोण देतं?

मिटिऑरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची नामकरण समिती. वर्गीकरणाचा तपशील आणि नमुन्याचा वाटा मान्य संस्थेकडे जमा केल्याचा पुरावा लागतो: २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, जे कमी असेल ते. नाव पडलेल्या जागेचं, सापडलेल्या माणसाचं नाही. भारतात पडलेल्या अशनींचं जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. त्यामुळे तलाठी किंवा पोलीस ठाण्यामार्फत दगड तिकडे पोचवणं हा सरळ मार्ग.

रियुगु आणि बेन्नू या लघुग्रहांवरून माती आल्यावर या सगळ्याची गरज उरली का?

उरली, उलट वाढली. जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये रियुगुवरून ५.४ ग्रॅम आणलं आणि ते सीआयच्या फार जवळचं निघालं. पण त्यात ओर्गेयमध्ये दिसणारे सल्फेट नव्हते. ओर्गेयमधल्या सल्फेटच्या पांढऱ्या शिरा पृथ्वीवर, संग्रहालयातल्या दमट हवेत तयार झाल्यात ही शंका आधीच होती, ती पक्की झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नूवरून आलेल्या १२१.६ ग्रॅममध्ये तर खारं पाणी आटून राहिलेले सोडियमचे क्षार सापडले. असे क्षार दमट हवेत टिकतच नाहीत. म्हणजे सीआय आणि सीएममध्ये आपण जी खनिजं मोजतो, त्यांतली काही इथे आल्यावर उगवलेली आणि काही इथे आल्यावर नाहीशी झालेली. मुकुंदपुरा, विंचकंब यांसारखे लगेच उचललेले अशनी म्हणूनच संग्रहालयातल्या जुन्या तुकड्यांपेक्षा जास्त विश्वासाचे.

पडताना पाहिला आणि तुकडा हाती लागला, तर सोपवेपर्यंत कशात ठेवू?

उघड्या हाताने उचलू नका. स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलने उचला, त्यातच गुंडाळा, आणि कोरड्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. पुडी दगडाला टेकू देऊ नका. प्लास्टिकची पिशवी, कापूस, वर्तमानपत्र नको, सेंद्रिय द्रव्याच्या मोजणीत ते सगळं उतरतं. दगडावर पेनाने काही लिहू नका. जागा, वेळ आणि खड्ड्याचा पट्टी ठेवून काढलेला फोटो वेगळ्या कागदासोबत द्या. खड्ड्यातली मूठभर मातीही वेगळ्या बरणीत घ्या, दगडात इथलं काय मिसळलं ते तिच्यावरून कळतं.